माणूस एकच, उच्चार अनेक: बोलण्याच्या ढंगांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवेदन आणि बातमीवाचन शिकायला येणाऱ्या मुलांना मी उच्चार शिकवतो. शिबिराच्या पहिल्या दिवशी जे प्रश्न हमखास येतात, ते इथे एकत्र केले आहेत. काहींची उत्तरं दोन ओळींत संपतात, काहींना वेळ लागतो. न आणि ण यांच्याबद्दलचा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि तो विचारणारा बहुतेक वेळा खाली बघून विचारतो, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहिलं आहे.

मी घरी एक बोलतो आणि ऑफिसात दुसरं. हे ढोंग आहे का?

नाही. असं न करणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

एका रविवारी मी माझंच बोलणं फोनवर दिवसभर रेकॉर्ड केलं. सकाळी बहिणीशी गप्पा मारताना ‘म्हणजे’ हा शब्द एकदाही पुरा आला नाही, प्रत्येक वेळी ‘मंजे’. दुपारी सोसायटीच्या सभेत अहवाल वाचून दाखवला, तिथे ‘म्हणजे’ अगदी ठसठशीत, ‘म्ह’मधल्या श्वासासकट. सभा संपली, शेजाऱ्यांबरोबर जिना उतरायला लागलो आणि पुन्हा ‘मंजे’. जिना उतरायला अर्धं मिनिट लागलं असेल. तेवढ्या वेळात मी काहीच ठरवलं नव्हतं. ऐकणारा बदलला, प्रसंग बदलला, तशी जीभ बदलली.

ढोंगात माणूस जे नाही ते दाखवतो. इथे तर दोन्ही उच्चार माझेच आहेत.

याचा शास्त्रीय अभ्यास झाला आहे का?

भरपूर. सगळ्यात गाजलेला प्रयोग विल्यम लबोव्ह या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञानं १९६२ साली न्यूयॉर्कमध्ये केला. त्यानं तीन मोठी दुकानं निवडली: श्रीमंतांचं सॅक्स, मध्यमवर्गाचं मेसीज आणि स्वस्तातलं एस. क्लाइन. दुकानात जायचं आणि चौथ्या मजल्यावर मिळणारी एखादी वस्तू कुठे आहे असं विचारायचं. उत्तर ठरलेलं, ‘फोर्थ फ्लोअर’. या दोन शब्दांत ‘र’ दोनदा येतो. त्या काळी न्यूयॉर्कमध्ये असा ‘र’ गिळून बोलणं रोजचं होतं आणि तो उच्चारणं प्रतिष्ठेचं होऊ लागलं होतं. उत्तर मिळालं की ऐकू न आल्यासारखं करून पुन्हा विचारायचं, म्हणजे विक्रेता तेच शब्द सावकाश, ठासून म्हणणार. बाहेर येऊन लगेच वहीत टिपायचं.

एकूण २६४ जणांकडून उत्तरं मिळाली. थोडा तरी ‘र’ उच्चारणारे सॅक्समध्ये ६२ टक्के, मेसीजमध्ये ५१ टक्के आणि क्लाइनमध्ये २० टक्के निघाले. मला यात जास्त मोलाचं वाटतं ते दुसऱ्या खेपेचं उत्तर. ठासून सांगताना ‘र’ वाढला, आणि तो सर्वांत जास्त वाढला मेसीजमध्ये. सॅक्सच्या विक्रेत्यांना फारसं सावरावं लागलं नाही. मधल्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसाला आपल्या उच्चाराची काळजी सगळ्यात जास्त असते.

पुढे लबोव्हनं लोकांच्या घरी जाऊन लांब मुलाखती घेतल्या. मुलाखतीतलं बोलणं, उताऱ्याचं वाचन, सुट्या शब्दांची यादी, सारख्या वाटणाऱ्या शब्दांच्या जोड्या, या क्रमानं माणसाचं लक्ष अर्थावरून उच्चारावर सरकत जातं आणि प्रतिष्ठित उच्चारांचं प्रमाण वाढत जातं. मनमोकळं बोलणं हवं असेल तेव्हा तो विचारायचा, ‘आता आपण मरणार, असं तुम्हाला कधी वाटलं होतं का?’ अशी आठवण सांगताना माणसाला समोरचा रेकॉर्डर दिसत नाही. ही युक्ती मी शिबिरातही वापरतो, फक्त प्रश्न सौम्य करतो. ‘लहानपणी सगळ्यात मोठा मार कशावरून खाल्ला?’ असं विचारलं की दोन मिनिटांत मुलाची खरी बोली ऐकू येते.

मराठीत नेमके कोणते उच्चार बदलतात?

सोपं उदाहरण ‘माझे’ आणि ‘माझं’. पुष्कळांना वाटतं की फरक फक्त शेवटच्या स्वराचा आहे. दोन्ही शब्द मोठ्यानं म्हणा आणि जिभेकडे लक्ष द्या. ‘माझे’ म्हणताना जीभ टाळूला लागते, ‘झेंडा’मध्ये लागते तशी. ‘माझं’ म्हणताना ती पुढे दातांच्या मागे येते, ‘झाड’मध्ये येते तशी. ‘त्याचे’ आणि ‘त्याचं’ यांतही हेच होतं. ढंग बदलला म्हणून स्वर बदलला आणि स्वरानं मागच्या व्यंजनालाही ओढून नेलं. बातमीपत्रातलं ‘त्याचे’ आणि ओट्यावरच्या गप्पांतलं ‘त्याचं’ यांच्यात दोन ध्वनींचं अंतर आहे. मराठी माणूस हे अंतर रोज शेकडो वेळा, न चुकता पार करतो.

दुसरं उदाहरण ‘अ’ गळण्याचं. आपण ‘हिरवा’ लिहितो आणि ‘हिर्वा’ म्हणतो. ‘बोलताना’चं ‘बोल्ताना’ होतं, ‘उपकार’चं ‘उप्कार’. हा आळस नाही, मराठीचा नियमच आहे. पण बाई वर्गात शुद्धलेखन घालतात तेव्हा काय होतं ते आठवा. ‘स-र-प-ण’ असं एकेक अक्षर सुटं करून सांगतात आणि गळलेला ‘अ’ जागेवर येतो. मूल बाईंच्या आवाजावरून लिहीत असलं तर ‘सरपण’ बरोबर येतं, स्वतःशी पुटपुटून लिहिलं तर ‘सर्पण’ होतं. त्या चुकीत त्याचा कान तयार असल्याचाच पुरावा आहे, असं मी पालकांना सांगतो.

तिसरं, ‘आहे’चं आक्रसणं. ‘बरोबर आहे’ हे गप्पांत ‘बरोबरे’ होतं, ‘काय आहे’चं ‘काये’, ‘कुठे आहेस’चं ‘कुठेस’. ‘पाहिजे’चं ‘पायजे’, ‘जाऊ दे’चं ‘जौदे’. जे शब्द सतत लागतात तेच जास्त झिजतात, देवळाच्या पायऱ्या मधोमध झिजतात तसे. ‘पायजे’ सगळीकडे ऐकू येईल, पण ‘वाहिनी’ची ‘वायनी’ क्वचितच.

शब्दाच्या शेवटचा श्वासही असाच जातो. घाईत ‘दूध’चं ‘दूद’ होतं आणि ‘जीभ’ची ‘जीब’. पण ‘दुधाचा’, ‘जिभेवर’ म्हटलं की श्वास परत येतो. तो हरवलेला नसतो, फक्त शब्दाच्या टोकाला थकलेला असतो.

शिवाय उसने शब्द आहेत. ‘डॉक्टर’, ‘कॉलेज’, ‘हॉटेल’ यांतला ‘ऑ’ मराठीत इंग्रजीबरोबर आला. सभेत ‘डॉक्टर’ म्हणणारे काका शेतात ‘डाक्टर’ म्हणतात. ‘फ’चं उलट झालं आहे. ‘फळ’, ‘फूल’ यांतला ‘फ’ ओठ मिटून सोडायचा असतो, पण शहरातल्या पुष्कळ तरुणांच्या तोंडी तो इंग्रजीसारखा, खालचा ओठ वरच्या दातांना टेकवून येतो, सावकाश वाचतानासुद्धा. तेव्हा प्रत्येक बदल ढंगापुरता नसतो. काही बदल पिढीचे असतात आणि ते सावध बोलण्यातही टिकतात.

मी ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणतो. लोक हसतात. मी अशुद्ध बोलतो का?

तुम्ही तुमच्या घरची मराठी बोलता. वऱ्हाडात, मराठवाड्यात, खानदेशात, आगरी वस्त्यांत आणि इतरत्रही असंख्य घरांत ‘ण’च्या जागी ‘न’ येतो. त्या बोलींचा तो नियम आहे आणि सगळे नियम जसे पाळले जातात तसा पाळला जातो.

आता इतिहास पाहा. महाराष्ट्री प्राकृत, जिच्याशी मराठीचं नातं सांगितलं जातं, तिनं नेमकं उलट केलं होतं. संस्कृतातल्या ‘न’चा तिथे सहसा ‘ण’ झाला. ‘नयन’चं ‘णअण’, ‘नगर’चं ‘णअर’. तेव्हाच्या एखाद्या संस्कृत पंडिताला ‘णअर’ ऐकून काय वाटलं असेल? ज्या भाषेच्या पूर्वजांनी सगळे ‘न’ ‘ण’ केले, तिच्या लेकरांनी काही ‘ण’ ‘न’ केले, तर त्यात पाप कसलं?

पण हसणारे आहेत, आणि हसण्याचा परिणाम उच्चारावर होतो. मराठवाड्यातल्या एका खेड्यातून आमच्याकडे एक मुलगा आला होता. शाळेत ‘आनि-पानी’ म्हणून त्याला इतकं चिडवलं होतं की तो वर्गात बोलायचंच टाळायचा. बातमी वाचायला दिली तेव्हा त्यानं प्रत्येक ‘ण’ नीट म्हटला आणि पुढे ‘आनंद’चं ‘आणंद’ केलं, ‘अनुभव’चं ‘अणुभव’. वर्गात कुणीतरी फिस्सकन हसलं. मी वाचन थांबवलं आणि सगळ्यांना सांगितलं की हा मुलगा निष्काळजी नाही, तो तुमच्या सगळ्यांपेक्षा जास्त काळजी घेतो आहे.

याला अतिशुद्धीकरण म्हणतात. प्रतिष्ठित ध्वनी कोणता हे कळलेलं असतं, तो कोणत्या शब्दात येतो हे अजून पक्कं झालेलं नसतं, म्हणून माणूस तो जास्तच ठिकाणी वापरतो. लबोव्हच्या आकड्यांतही हे दिसतं. शब्दांची यादी वाचताना न्यूयॉर्कच्या कनिष्ठ मध्यमवर्गानं वरच्या वर्गापेक्षाही जास्त ‘र’ उच्चारले.

त्याच मुलाला मी नंतर आजीबद्दल विचारलं. विहिरीवरून पाणी आणणारी आजी तो सांगायला लागला, तेव्हा ‘इहीर’ आली, ‘पानी’ आलं, ‘येळ’ आली, आणि आवाज असा मोकळा झाला की वर्ग गप्प बसून ऐकत राहिला. मी त्याला सांगितलं ते इथेही सांगतो. बातमीसाठी ‘ण’ शिकून घे, तो तुझ्या कामाचा भाग आहे. आजीची गोष्ट सांगताना त्याला हात लावू नकोस.

गावी गेलं की बोली आपोआप परत का येते?

कारण आपण ऐकणाऱ्याकडे पाहून बोलतो. हॉवर्ड जाइल्स या मानसशास्त्रज्ञानं १९७०च्या दशकात यावर सिद्धान्त मांडला: जवळीक हवी असेल तर माणूस समोरच्यासारखा बोलू लागतो आणि अंतर राखायचं असेल तर मुद्दाम वेगळा.

न्यूझीलंडच्या ॲलन बेल यांनी हे रेडिओवर फार सुंदर दाखवलं. वेलिंग्टनमधल्या एकाच इमारतीतून दोन केंद्रं चालत, एक राष्ट्रीय आणि प्रतिष्ठित, दुसरं स्थानिक. काही वृत्तनिवेदक दोन्हींवर बातम्या देत. माणूस तोच, बातमीचा बाज तोच, तरी दोन स्वरांमधला ‘ट’ स्थानिक केंद्रावर जास्त मऊ होई. फरक होता तो श्रोत्यांचा, आणि श्रोते तर निवेदकाला दिसतही नव्हते. १९८४ साली बेल यांनी यावरून मांडलं की ढंग घडवतो तो मुख्यतः श्रोता. लबोव्ह लक्ष कुठे आहे ते पाहतो, बेल समोर कोण आहे ते पाहतात. माझ्या अनुभवात बेल यांचं म्हणणं जास्त वेळा खरं ठरतं.

वऱ्हाडातली एक सहकारी पुण्यात ‘डोळा’ म्हणते. आईचा फोन आला की ‘डोया’. फोन ठेवल्यावर पहिल्या एकदोन वाक्यांत ‘य’ रेंगाळतो, मग ‘ळ’ परत येतो. तिच्या टेबलाशेजारी बसून हे ऐकणं मला फार आवडतं.

गोंगाटात आपण ओरडतो, तेव्हा फक्त आवाजच वाढतो का?

नाही. एतियेन लोंबार या फ्रेंच डॉक्टरनं १९११ साली दाखवलं की कानावर गोंगाट पडला की माणूस नकळत मोठ्यानं बोलतो. पुढच्या अभ्यासांत दिसलं की आवाजाची पट्टी चढते आणि स्वर लांबतात. एसटी स्टँडवर उभे राहा. कंडक्टर ‘साताऽऽरा, साताऽऽरा’ अशी हाक देतो, कारण गर्दीत व्यंजनं विरून जातात आणि लांबचा प्रवास स्वरच करतात.

मग बोलणं झिजतं केव्हा आणि सावरतं केव्हा, याचा काही हिशेब आहे?

आहे. स्वीडनचे ब्यॉर्न लिंडब्लोम यांनी १९९०मध्ये तो मांडला. बोलणाऱ्याला श्रम वाचवायचे असतात आणि ऐकणाऱ्याला स्पष्टता हवी असते. प्रत्येक क्षणी या दोन गरजांत तडजोड होत असते. समोरच्याला शब्द आधीच ठाऊक असेल तर जीभ अर्ध्या वाटेवरून परत फिरते. शब्द नवा असेल, माणूस अनोळखी असेल, फोनची रेंज वाईट असेल, तर ती पूर्ण वाट चालते. बँकेत नाव सांगताना पहिल्यांदा आपण सहज बोलतो आणि कारकुनानं ‘काय?’ म्हटल्यावर तेच नाव अक्षरं सोडवून सांगतो, ते याचसाठी.

बाळाशी बोलताना आपण ‘बोबडं’ बोलतो, त्यानं मुलाचे उच्चार बिघडतात का?

बाळाशी बोलणाऱ्या आया एरवीपेक्षा उलट स्पष्ट बोलतात. पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली अमेरिका, रशिया आणि स्वीडनमधल्या आयांचं बोलणं मोजलं. तान्ह्या मुलांशी बोलताना त्यांचे स्वर ताणलेले, एकमेकांपासून जास्त वेगळे होते. ‘आ’ जास्त ‘आ’ होता, ‘ई’ जास्त ‘ई’. २००२ साली ऑस्ट्रेलियात पाळीव प्राण्यांशी होणारं बोलणंही तपासलं गेलं. कुत्र्यामांजरांशी बोलताना पट्टी बाळासारखीच चढते, पण स्वर तसे ताणले जात नाहीत. मांजराला भाषा शिकायची नसते हे जणू जिभेला कळतं. ‘काऊ’, ‘चिऊ’, ‘भूभू’ खुशाल म्हणा. आज्या ज्या लयीत ‘ये गं ये गं’ म्हणतात ती उत्तम उच्चारशाळा आहे.

श्लोक म्हणताना ‘अ’ का गळत नाही?

अक्षरगणवृत्तात प्रत्येक अक्षराची लघुगुरू मोजदाद असते. ‘कमळ’ तिथे तीन अक्षरं भरतं, बोलण्यातल्या ‘कमळ्’नं वृत्त मोडेल. त्यामुळे भुजंगप्रयातात, म्हणजे ‘मनाचे श्लोक’ ज्या वृत्तात आहेत त्यात, शेवटचा ‘अ’ ऐकू येतो आणि त्यातला तो ठेका मुलांच्या अंगात भिनतो. पाठांतर केलेल्या मुलांना जोडाक्षरं आणि सुटी अक्षरं लवकर वेगळी करता येतात, असं मला वर्षानुवर्षं दिसलं आहे.

निवेदनासाठी नेमकं काय शिकावं?

आधी संहिता कोणत्या ढंगात आहे ते ठरवा. ‘त्यांनी सांगितले’ लिहिलं असेल तर ‘सांगितले’ म्हणा, ‘सांगितलं’ लिहिलं असेल तर ‘सांगितलं’. बोलण्यातल्या ढंगाचं लेखन करताना अनुस्वार देण्याची मुभा मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांनीही दिली आहे, त्यामुळे ‘केलं’ म्हणणं कमीपणाचं नाही. एका वाक्यात ‘केले’ आणि पुढच्यात ‘गेलं’ अशी सरमिसळ मात्र कानाला खडा लागल्यासारखी वाटते. एवढी एक शिस्त पाळली तरी वाचन निम्मं सुधारतं.

‘ज्ञ’ मराठीत ‘द्न्य’, हिंदीसारखा ‘ग्य’ नाही. ‘जग’ (दुनिया) आणि ‘जग’ (जिवंत राहा) यांतले ‘ज’ वेगळे आहेत, ते ओळखा. ‘ष’ आणि ‘श’ यांत आज फार थोडे लोक फरक करतात, त्यामुळे ‘ष’साठी जीभ वाकडी करत बसू नका. ऐकणाऱ्याचं लक्ष अर्थावरून उडतं.

परदेशात वाढणाऱ्या आमच्या मुलीला ‘ळ’ जमत नाही. काय करावं?

मराठी शाळेत ती ‘बाल’ आणि ‘बाळ’ सारखंच म्हणत असेल, आणि ‘ट’ व ‘त’ दोन्हींऐवजी इंग्रजीतला मधलाच ध्वनी. तिला टोकू नका. आजीशी आठवड्यातून दोनदा व्हिडिओवर बोलू द्या आणि दोघींना एखादं काम द्या, उदाहरणार्थ केळ्याच्या शिकरणीची कृती. ‘केळं’, ‘गूळ’, ‘वेलदोडा’, पुन्हा ‘केळं’. पडद्यावर आजीची जीभ मागे वळलेली दिसते आणि मूल नक्कल करतं. मी पाहिलेल्या एका मुलीला ‘ळ’ पहिल्यांदा आला तो आजीबरोबरच. आईशी ती त्यानंतरही महिनाभर ‘ल’च म्हणत होती, कारण आईला तो चालत होता.

माझे स्वतःचे ढंग मला ऐकायचे आहेत. सुरुवात कशी करू?

फोन टेबलावर पालथा ठेवा, रेकॉर्डिंग चालू करा आणि विसरून जा. एक तुकडा घरच्या गप्पांचा, एक कामाच्या ठिकाणच्या बोलण्याचा, एक वर्तमानपत्र मोठ्यानं वाचल्याचा घ्या. समोरच्या माणसांना आधी सांगा. पहिली पाच मिनिटं सगळे सावरून बोलतील, ती सोडून द्या. मग तिन्ही तुकड्यांत एकच शब्द शोधा. ‘म्हणजे’, ‘पाहिजे’, ‘आणि’, ‘नाही’ यांपैकी कुठलाही चालेल. कसा म्हटला, कोणाला म्हटला, एवढंच वहीत लिहा.

डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण करून गावोगावची ध्वनिमुद्रणं इंटरनेटवर खुली केली आहेत. आपल्या तालुक्याच्या आसपासचं ध्वनिमुद्रण लावा आणि मग आपला घरचा तुकडा ऐका. शिबिरात हे केलं तेव्हा तो मराठवाड्यातला मुलगा हेडफोन काढायलाच तयार नव्हता. त्याच्या जिल्ह्यातली एक म्हातारी बाई बोलत होती आणि ती ‘पानी’ म्हणत होती.